जॅझला जात नसते म्हणणाऱ्यांस

आम्ही पाचसहा जण महिन्यातून एकदा एका रसिकाच्या घरी जमतो. प्रत्येकाने आळीपाळीने आपली आवडती जॅझची रेकॉर्ड आणायची, सगळ्यांनी गप बसून ऐकायची आणि मग भांडायचं, असा शिरस्ता आहे. मागच्या खेपेला पाळी माझी होती. मी बिली हॉलिडेचं १९३९ सालचं 'स्ट्रेंज फ्रूट' लावलं. तीन मिनिटांचं गाणं. संपल्यावर घरमालक डोळे मिटून म्हणाले, 'वा! काय सूर आहे! अशा वेळी पटतं, संगीताला जात नसते.'

झाडाला लटकवलेल्या काळ्या माणसांच्या प्रेतांबद्दलचं गाणं आहे ते. त्यावर 'वा' कसं निघालं तोंडातून?

तिथे मी काही बोललो नाही. चहा आला होता. पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच. जे तिथे बोललो नाही ते इथे लिहितो. या रसिकाचा आणि माझ्याच एका मित्राचा, दोघांचाही हिशेब करायचा आहे. मित्राचा नंतर.

रसिक महाशय, तुम्ही म्हणता सुराला जात नसते. बरोबर आहे. सुराला नसते, सूर म्हणजे हवा. पण सूर कोणी काढायचा, कुठे उभं राहून काढायचा, पैसे कुणाच्या खिशात जायचे आणि नाव कुणाचं लागायचं, याला जात असते. बिली हॉलिडे कोलंबिया कंपनीसाठी गात होती. हे गाणं रेकॉर्ड करायला कोलंबियाने नकार दिला. शेवटी कमोडोर नावाच्या एका रेकॉर्डच्या दुकानदाराच्या छोट्या कंपनीने ते काढलं. १९४७ मध्ये तिला अमली पदार्थांच्या गुन्ह्यात तुरुंगात घातलं. सुटून आली तर न्यूयॉर्कच्या दारू विकणाऱ्या क्लबांत गायचा परवानाच काढून घेतलेला. कार्नेगी हॉलमध्ये गाऊ शकत होती, पण गल्लीतल्या क्लबात नाही. म्हणजे सूर होता तिथेच होता. माणसाला मज्जाव होता.

एलिंग्टनचं घ्या. डिसेंबर १९२७ पासून ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद हार्लेमच्या कॉटन क्लबमध्ये वाजवायचा. मंचावर सगळे काळे, खाली खुर्च्यांवर सगळे गोरे. काळ्यांच्या वस्तीतला क्लब आणि काळ्याला गिऱ्हाईक म्हणून आत यायला बंदी. हे मी वाचलं तेव्हा मला आमच्या गावचं देऊळ दिसलं. पालखीच्या पुढे हलगी आमची, पायरीपाशी आली की हलगी बाहेर, पालखी आत. याच एलिंग्टनचं नाव १९६५ मध्ये पुलित्झरच्या परीक्षकांनी विशेष सन्मानासाठी सुचवलं, वरच्या मंडळाने ते फेटाळलं. जॅझला पहिलं पुलित्झर मिळालं ते १९९७ मध्ये, विन्टन मार्सालिसला. तेव्हा एलिंग्टनला मरून तेवीस वर्षं झाली होती.

आणि पहिली जॅझ रेकॉर्ड कोणाची? १९१७ ची, व्हिक्टर कंपनीची. 'ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँड', पाचही जण गोरे. नाव बघा, 'ओरिजिनल'! न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर ज्यांचं ऐकून शिकले ते मागे राहिले आणि हे झाले ओरिजिनल. त्यांचा कॉर्नेटवाला निक लारोका तर पुढे सांगत सुटला की जॅझ गोऱ्यांनीच शोधलं, काळ्यांचा त्यात हात नाही. ज्याच्या नावाने न्यू ऑर्लिन्सचे म्हातारे शपथ घेत त्या बडी बोल्डेनची एकही रेकॉर्ड आज उपलब्ध नाही. १९०७ मध्ये त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं आणि १९३१ मध्ये तो तिथेच मेला. किंग ऑलिव्हरच्या क्रिओल जॅझ बँडची पाळी आली १९२३ मध्ये, इंडियाना राज्यात रिचमंडला, जेनेट कंपनीत. हीच जेनेट कंपनी पैसे घेऊन कू क्लक्स क्लॅनच्या प्रचाराच्या तबकड्याही छापून द्यायची. कारखाना तोच, लाख तीच. आता सांगा लाखेला जात नसते म्हणून. तेही खरंच आहे.

तुमचं दुसरं आवडतं वाक्य आहे की जॅझ आणि आपला राग ही सख्खी भावंडं. दोन्हीकडे आयत्या वेळी रचत जायचं, दोन्हीकडे उपज. कोल्ट्रेनने मुलाचं नाव रवी ठेवलं ते रविशंकरांवरून, हे तुम्ही प्रत्येक बैठकीत सांगता. मला पाठ झालंय. माझा एकच सवाल आहे. आयत्या वेळी रचत जाणं हीच भावंडपणाची खूण असेल तर तुम्हाला रागच का आठवतो? फडातला ढोलकीवाला बाईच्या पायाकडे बघून जागच्या जागी ठेका पलटतो, तो का आठवत नाही? जलशात शाहीर ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी ती झेलून परत फेकतात. जॅझमधली 'हाक आणि ओ' हीच तर आहे. ती कापसाच्या मळ्यातून आणि काळ्यांच्या चर्चमधून आली, मैफलीच्या गालिच्यावरून नाही. ब्लूजमधला तो तिसरा सूर, ना कोमल गंधार ना शुद्ध, दोहोंच्या मधे कुठेतरी दुखऱ्या दातासारखा ठणकणारा, पेटीच्या पट्टीत न बसणारा. असा सूर माझी आजी जात्यावर लावायची. तिला कुणी श्रुतिशास्त्र शिकवलं नव्हतं.

तुम्हाला राग आठवतो कारण जॅझला वाड्याच्या वरच्या मजल्यावर न्यायचं तर त्याला एक चांगलं गोत्र चिकटवावं लागतं. हलगीच्या गोत्राचा पाहुणा तुम्ही ओसरीवरच बसवाल.

आता एक गंमत. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवून ती अंतराळात पाठवली. तिच्यावर लुई आर्मस्ट्राँगचं 'मेलँकली ब्लूज' आहे. टेक्सासचा आंधळा रस्त्यावरचा गवई ब्लाइंड विली जॉन्सन आहे, जो १९४५ मध्ये कंगाल मेला. आणि भारतातर्फे आहेत केसरबाई केरकर, गोव्याच्या देवळाशी बांधलेल्या कलावंत समाजातल्या. त्यांची भैरवी, 'जात कहाँ हो'. हिंदीत तो 'कुठे चाललास' असा प्रश्न आहे. मराठी कानाने ऐकला तर भलताच प्रश्न होतो. तिघेही त्या तबकडीवर शेजारधर्माने राहतात. रसिक म्हणतील, बघा, संगीताला जात नसते. अहो, तिथे माणसं नाहीत म्हणून!

हे झालं रसिकांचं. आता मित्राकडे वळतो.

माझा मित्र कडवा आहे. चळवळीतला, वाचणारा. त्याचं म्हणणं असं की जॅझ आपलंच आहे. फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डु बॉइसला पत्र लिहिलं. पँथर त्यांची, १९७२ ला पँथर आपली. म्हणून काळ्याचं दुःख ते आपलं दुःख, काळ्याचं गाणं ते आपलं गाणं. संपलं.

गड्या, इतक्या लवकर संपत नाही. नातं आहे, मी नाकारत नाही. पण नात्यात देणंघेणं असतं, हिशेब असतो. तू नुसता वारसदार म्हणून सही करायला निघालास. आधी फरक बघ.

१७३९ मध्ये साऊथ कॅरोलिनात स्टोनो नदीच्या काठी गुलामांनी बंड केलं. ढोल वाजवत चालले होते. बंड चिरडलं आणि पुढच्याच वर्षी मालकांनी कायदा केला, गुलामाने ढोल बाळगायचा नाही, शिंग फुंकायचं नाही. मालकाला कळलं होतं की ढोल बोलतो. मग त्या माणसांनी टाळ्यांत, मांडीवर, पायाच्या टाचेत ताल लपवला. न्यू ऑर्लिन्सला फ्रेंच आणि स्पॅनिश वहिवाट होती, तिथे रविवारी काँगो स्क्वेअरच्या मैदानात गुलामांना ढोल बडवून नाचायची सवड मिळे. जॅझ न्यू ऑर्लिन्सलाच का उगवलं याची जी कारणं सांगतात त्यात हे एक ठळक.

म्हणजे तिथे ढोल हिसकावला. आणि इथे? इथे ढोल गळ्यात बांधला. माझा आज्या मांगवाड्यातला हलगीवाला. लग्न पाटलाचं, हलगी आज्याची. मयत कुणाचंही, हलगी आज्याची. पोळा, जत्रा, पालखी, सगळीकडे. नाही म्हणायची सोय नव्हती, ते वतन होतं. विस्तवावर हलगी शेकून कातडं ताणायचं आणि एक जाड टिपरू, एक बारीक काडी घेऊन रात्रभर उभं राहायचं. मोबदला सुपातलं धान्य, तेही वरून ओतलेलं, हाताला हात न लावता. काळ्याला ढोल म्हणजे बंदी मोडणं होतं. आम्हाला ढोल म्हणजे हुकूम पाळणं होतं. हे दोन ढोल एक नाहीत, मित्रा. तू त्यांची बेरीज करतोस तिथेच चुकतोस.

म्हणून तुझ्या वस्तीतल्या लोकांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं तसं वाजवणंही सोडलं, ते बरोबरच केलं. माझ्या बापानेही सोडलं. शहरात आला, आज्याची हलगी माळ्यावर टाकली. कातडं उंदरांनी खाल्लं, नुसतं कडं राहिलं. लहानपणी मी जेवताना ताटावर बोटं वाजवली की बाप माझा हात धरायचा. मारायचा नाही. नुसता धरून ठेवायचा, बोटं थांबेपर्यंत. त्या हाताचा अर्थ मला फार उशिरा कळला.

तू मला एकदा म्हणालास, 'आम्ही वाजवणं सोडलं म्हणून माणसं झालो, तुमचे लोक अजून वरातीपुढे वाजवतात.' हे वाक्य मला लागलं. अजून लागतं. कारण त्यात तू वरच्या पायरीवर उभा आहेस. पोटासाठी वाजवणाऱ्याला तू शिकवणी देतोस आणि रात्री मोबाईलवर मॅक्स रोचचे ड्रम्स ऐकून म्हणतोस, हा खरा विद्रोह. रोचच्या ड्रमलाही गिऱ्हाईक होतं, बाबा. रोचनेही क्लबात पोटासाठीच वाजवलं.

न्यू ऑर्लिन्सची एक गोष्ट तुला मुद्दाम सांगतो. तिथे क्रिओल म्हणून मिश्र वंशाचा, उजळ कातडीचा वर्ग होता. फ्रेंच बोलणारा, नोटेशन वाचणारा, वायोलिन-क्लॅरिनेट शिकलेला. हे लोक वरच्या अंगाच्या वस्तीतल्या काळ्या मजुरांना आपल्यात धरत नसत. होमर प्लेसी याच क्रिओल समाजातला. १८९२ मध्ये तो मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसला. १८९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच्याविरुद्ध निकाल देऊन वेगळे डबे कायदेशीर ठरवले. गोऱ्याच्या कायद्याने उजळ आणि काळा असा भेद ठेवला नाही, दोघांनाही एकाच डब्यात कोंबलं. वाचून वाजवणारा आणि कानाने वाजवणारा एकाच बँडात आले. तरी जेली रोल मॉर्टनसारखा क्रिओल मरेपर्यंत आपण वेगळे म्हणून मिरवत राहिला, जॅझ मीच १९०२ मध्ये काढलं म्हणत राहिला. पण वाजवताना तो त्याच डब्यात होता. आपल्याकडे महार, मांग, चांभार, ढोर सगळे एकाच डब्यात कोंबलेले आहेत आणि बाकावरच्या जागेसाठी मारामारी चालू आहे.

मित्राचा दुसरा रोग म्हणजे त्याला गाण्यात फक्त दुःख पाहिजे. आर्मस्ट्राँग हसला की याला तो गोऱ्यांचा विदूषक वाटतो. १९६३ मध्ये लीरॉय जोन्सने 'ब्लूज पीपल' लिहिलं. काळ्यांचं संगीत म्हणजे काळ्यांचा इतिहास, त्यांचं समाजातलं स्थान बदलतं तसं गाणं बदलतं, अशी त्याची मांडणी. मोठं पुस्तक आहे, मित्राचं बायबल आहे. पण राल्फ एलिसनने, तोही काळाच, त्याला झाडलं. गाण्याला नुसतं समाजशास्त्राचं कागदपत्र करू नकोस, असा त्याचा रोख होता. मी इथे अर्धा एलिसनच्या बाजूचा आहे. २८ जून १९२८ ची आर्मस्ट्राँगची 'वेस्ट एंड ब्लूज' ऐक. सुरुवातीला तो एकटाच ट्रम्पेट घेऊन उठतो. दहाबारा सेकंदांचा खेळ. चढतो, वर जाऊन थांबतो, मग घरंगळत खाली येतो, आणि बँड त्याला झेलतो. त्यात रडणं कुठे आहे? ती मस्ती आहे. मला येतं, तुम्हाला येत नाही, एवढंच तो सांगतोय. गरिबीत वाढलेलं पोर, बाराव्या वर्षाच्या आगेमागे सुधारगृहात घातलेलं, तिथे कॉर्नेट शिकलेलं, आणि सव्विसाव्या वर्षी जगाला असं सांगतंय. आणि विदूषक म्हणशील तर याच विदूषकाने १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेवरून आयझेनहॉवरला जाहीरपणे भित्रा ठरवलं आणि सरकारतर्फे रशियाला जायचं नाकारलं. आपल्या दुःखाला फार गिऱ्हाईक आहे, मित्रा. मस्तीला नाही.

आता ज्या रेकॉर्डपायी हा सगळा वाद घालावासा वाटतो तिच्याकडे येतो. सॉनी रोलिन्स, 'फ्रीडम स्वीट', १९५८. तिघेच वाजवणारे. रोलिन्सचा टेनर सॅक्सोफोन, ऑस्कर पेटिफर्डचा बेस, मॅक्स रोचचे ड्रम्स. पियानो नाही. पियानो नसल्याने सॅक्सोफोनला टेकायला भिंतच नाही. एक संपूर्ण बाजू, वीसेक मिनिटं. छोटीशी धून, लहान पोर वाटेने गुणगुणेल अशी, आणि तीच उलटीपालटी करत जातो. पाकिटावर त्याने चार ओळी लिहिल्या होत्या. अमेरिकेची संस्कृती काळ्याच्या जिवावर उभी आणि त्याच काळ्याला अमानुष वागणूक, असा त्यांचा आशय. न्यूयॉर्कमध्ये नावाजलेला असूनही घर भाड्याने मिळताना त्याला कातडी आडवी आली होती. पुढे कंपनीने हीच रेकॉर्ड पुन्हा काढली तेव्हा नाव बदललं, 'शॅडो वॉल्ट्झ'! दुसऱ्या बाजूवरच्या एका गोड धुनेचं नाव. आतलं संगीत तेच ठेवलं आणि वरून 'स्वातंत्र्य' तेवढं पुसलं. आपल्याकडे विद्यापीठाच्या पाटीवरचं नाव बदलायला सोळा वर्षं आणि किती जीव गेले ते आठवा, म्हणजे नावाची किंमत कळेल.

हा रोलिन्स १९६० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत आला होता. पवईच्या आश्रमात राहिला. योग, वेदान्त. कोल्ट्रेनने १९६१ मध्ये 'इंडिया' नावाची धून वाजवली. त्याची बायको अॅलिस कोल्ट्रेन पुढे स्वामिनीच झाली. हे सगळे मोठे लोक, मी त्यांच्या पायाशी बसायला तयार आहे. पण राग येतो तो येतोच. गोऱ्याच्या देवाला कंटाळलेला काळा माणूस शांती शोधत इथे येतो आणि त्याला भेटतो कोण? ज्यांच्या गौतम धर्मसूत्रात वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळवलेलं कथील आणि लाख ओता असं लिहिलंय, त्यांचा वारस. कानावर जगणारा माणूस तो! पवईहून चवदार तळ्याची वाट त्याला कुणी दाखवली असेल असं मला वाटत नाही. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये दुसरी वाट दाखवलेली होती, तीही आश्रमात कोण सांगणार?

१९७८ मध्ये रोलिन्स परत आला, पहिल्या जॅझ यात्रेला, धोबी तलावच्या रंगभवनात. वरळीच्या बीडीडी चाळीतली दंगल झाली होती जानेवारी १९७४ मध्ये. रंगभवन तिथून काही कोसांवर नाही, बसने जाता येतं. 'फ्रीडम स्वीट'वाला इकडे आणि पँथरवाले तिकडे. मधे कोणी पूल बांधला नाही. ना रसिकांनी, आणि खरं बोलायचं तर ना आपण. आपल्यालाही तेव्हा जॅझ म्हणजे ताजमधल्या साहेबांचं नाचगाणं वाटे.

तसं वाटायला कारण होतं. १९३५ मध्ये लिऑन अॅबीचा काळ्यांचा बँड मुंबईच्या ताजमध्ये आला आणि त्यामागून इथे जॅझ रुजलं ते गोव्याच्या ख्रिस्ती वाजंत्र्यांच्या हातांत. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेली माणसं. चिक चॉकलेट, खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. रात्री हॉटेलात, दिवसा फिल्म स्टुडिओत. 'अलबेला' १९५१ चा. सी. रामचंद्रांचं नाव सगळ्यांना ठाऊक, त्या गाण्यांतल्या ट्रम्पेटमागे चिक चॉकलेट होता हे किती जणांना? अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड. गाण्याचा सांगाडा ज्यांनी उभा केला त्यांची नावं कित्येकदा पाटीवर आलीच नाहीत. नरेश फर्नांडिस यांनी २०१२ मध्ये 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' लिहिलं तेव्हा कुठे ही नावं नीट एका जागी वाचायला मिळाली.

आणि आता पुण्याच्या गणपतीत बघा. ढोल-ताशा पथकं, पांढरे झब्बे, कमरेला शेला, इंजिनियर पोरंपोरी. चांगलं वाजवतात, नाही म्हणत नाही. पण कातडं तेच, टिपरू तेच. वाजवणाऱ्याची जात बदलली की त्याला परंपरा म्हणतात, पेपरात फोटो येतो. आज्या वाजवायचा तेव्हा त्याला बलुतं म्हणत होते. ओरिजिनल डिक्सिलँड!

मित्रा, मी माळ्यावरचं ते कडं खाली काढलंय. बकऱ्याचं कातडं चढवून घ्यायचंय. बाप आता नाही, हात धरायला कोणी नाही. वरातीपुढे वाजवणार नाही, देवळापुढे तर नाहीच. पण 'फ्रीडम स्वीट'च्या रोचबरोबर बोटं चालतात का ते बघायचंय. तुला हे मागे जाणं वाटत असेल तर ये आणि समोर बसून भांड.

रसिक महाशय, पुढच्या बैठकीला मी कोल्ट्रेनची 'अलाबामा' आणतोय. बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये १५ सप्टेंबर १९६३ ला गोऱ्यांनी बाँब ठेवला, चार पोरी मेल्या, आणि दोनेक महिन्यांत, १८ नोव्हेंबरला, त्याने ही वाजवली. शब्द नाहीत. पाच मिनिटांची आहे. ज्यांना चहा लागतो त्यांनी आधी पिऊन घ्यावा.